दोन आण्यांचं माळरान

इंदापूरच्या माळावर तरवड, हेंकळ, रानबोर अशी इथलीच झुडपं लावायची तर खत किती घालायचं? वृक्षारोपणाचा शनिवार आला की ऑफिसात कुणीतरी हे विचारतंच, आणि लगेच १९:१९:१९ची पिशवी निघते. मला मात्र याचं उत्तर शोधता शोधता थेट १८३६ सालात जावं लागलं.

मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी आधी इंदापुरातच बसली. त्यापूर्वी प्रिंगल नावाच्या साहेबाने शेतकऱ्याचं निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा ठरवायचा घाट घातला होता. कागदावर झकास, पण प्रॉडक्शनमध्ये गेल्यावर कोसळलं! सारा झेपेना, जमिनी पड राहू लागल्या. मग गोल्डस्मिड आणि विंगेट आले. त्यांनी हिशोब सोपा केला: खणा, खोली मोजा, मातीचा रंग-पोत बघा. पावणेदोन हात खोल उत्तम काळी म्हणजे १६ आणे, आणि उतरत उतरत नवव्या वर्गाची उथळ, खडेमिश्रित जमीन २ आणे. चुनखडी, उतार वगैरे दोष असतील तर वर्ग खाली. १८४७च्या संयुक्त अहवालात ही पद्धत पक्की झाली.

खोलीवर एवढा भर का? कारण जितकी माती खोल, तितकी ओल टिकते. नत्र-स्फुरदाच्या प्रयोगशाळा नसतानाही साहेबांनी नेमकी नस पकडली होती.

आपली झुडपं वाढतात ती याच २ आण्यांत. तिथे रोप आधी खाली वाढतं, मग वर. मुळं मुरमाच्या फटी शोधत जातात आणि वर जेमतेम वीतभर शेंडा दिसतो. चुनखडीच्या मातीत स्फुरद अडकून बसतं, ते मुळांशी सोयरीक केलेली बुरशी आणून देते. तरवड तर शेंगवर्गीय असूनही बाभळीसारख्या नत्राच्या गाठी धरत नाही, गरिबीतच निभावतो. अशा रोपाला भरपूर खत दिलं की पाला सुटतो, बुरशीची सोयरीक ढिली पडते, आणि मार्चमध्ये त्या पाल्याला पुरेल एवढं पाणी त्या मुळांना मिळत नाही. उरलेलं खत शेजारचं गवत खातं, आणि रोप त्याच्या सावलीत गुदमरतं.

बरं, १६ आण्यांचं पुढे काय झालं? १८७६-७७च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला, १८८५ मध्ये पाणी सुटलं. बारामतीचं नशीब पालटलं, हे खरंच. पण खोल काळ्या जमिनीत पाणी साचलं, क्षार वर आले, जमिनी चोपण झाल्या. १९१० मध्ये हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर अख्खा अहवाल लिहावा लागला. सोडियम वाढला की चिकणमातीचे कण सुटे होतात, हवा खेळत नाही. सामू चढला की लोह-जस्त मातीत असूनही रोपाला मिळत नाही. (१९१६ साली अशाच दलदलीच्या प्रश्नासाठी सुरू झालेला सिंचन कक्ष म्हणजे आजचं खडकवासल्याचं जल आणि विद्युत संशोधन केंद्र. इंजिनियर मंडळींनी नोंद घ्यावी.) निचऱ्याचा मुरूम मात्र यातून बराचसा वाचला.

माळ ‘सुधारायची’ हौस अजून आहेच. माळेगाव खुर्दला २००९ मध्ये अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आली, तिने खडक फोडून त्यावर शेती उभी केली. संशोधन म्हणून ते ठीक, तिथे प्रश्नच तो होता. पण सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य किंवा कडबनवाडीचा माळ हे चिंकाऱ्याचं घर आहे. तिथे खत आणि गिरिपुष्प नेऊन हिरवाई करणं मला तरी पटत नाही.

तेव्हा खताचं उत्तर: जवळजवळ शून्य. जुन्या तरवडाखालची मूठभर माती खड्ड्यात टाका, म्हणजे बुरशी आपोआप येते. पहिले दोन उन्हाळे थोडं पाणी द्या. तरवडाच्या बिया कठीण कवचाच्या, त्या थोड्या खरवडून मगच पेरा. नर्सरीतलं रोप पिशवीत मूळ गोल फिरलेलं असेल तर घेऊच नका, मुरमात ते खाली जातच नाही.