मागणीबरहुकूम रायफल : अमेरिकेतील जोडधंदा आणि त्याची कायदेशीर चौकट

गिऱ्हाइकाच्या शरीरयष्टीला आणि नेमबाजीच्या प्रकाराला जुळेल अशी एकेक रायफल स्वतंत्रपणे घडवून देणे, हा अमेरिकेतील जुना हस्तव्यवसाय आहे. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टरच्या परिसरात स्थायिक झालेल्या जर्मन कारागिरांनी लांब नळीची रायफल याच रीतीने नावारूपाला आणली. आजही या व्यवसायात दिवसा नोकरी करून संध्याकाळी घरालगतच्या गॅरेजमध्ये लेथ चालवणारे कारागीर आढळतात. त्यांच्या लेखी हा जोडधंदा असतो. परवाना देणारा कायदा मात्र जोडधंदा आणि मुख्य धंदा असा भेद करीत नाही. वर्षाला पाच रायफली विकणाऱ्यालाही परवाना, अनुक्रमांक आणि नोंदी यांचे तेच मूलभूत नियम पाळावे लागतात, जे मोठ्या कारखान्याला लागू आहेत.

कामाचे स्वरूप

छोटा कारागीर रायफलीचा प्रत्येक भाग स्वतः बनवत नाही. बोल्ट आणि त्याचे घर मिळून होणारी ॲक्शन, नळी, चाप आणि दस्ता हे भाग सहसा निरनिराळ्या उत्पादकांकडून येतात. कारागिराचे कसब जुळवणीत असते. दस्त्याची लांबी व गालाचा टेकू नेमबाजाच्या अंगाला बसवावा लागतो. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम धरावा लागतो. अशा खेळात दस्त्याची जुळणी किती महत्त्वाची असते, हे सहज लक्षात येईल.

त्याहून नाजूक काम चेंबरचे, म्हणजे नळीत काडतूस बसण्याच्या जागेचे. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला मिळणारी मोकळीक इंचाच्या हजाराव्या भागात मोजली जाते. ती प्रमाणाबाहेर राहिल्यास काडतुसाचे कवच फाटून तप्त वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे उसळू शकतो. या मापांची प्रमाणे १९२६ साली स्थापन झालेली सामी ही उत्पादकांची संस्था ठरवते. ब्रिटनमध्ये १८६८च्या कायद्यानुसार विक्रीपूर्वी नळीची अधिकृत चाचणी घ्यावी लागते. अमेरिकेत तशी सक्तीची सरकारी चाचणी नाही. त्यामुळे शेवटची तपासणी आणि तिची जबाबदारी कारागिरावरच येते.

एक जुने उदाहरण

न्यूयॉर्कमधील सीमोर ग्रिफिन हे व्यवसायाने लाकडी फर्निचर घडवणारे कारागीर होते. थिओडोर रूझवेल्ट यांच्या आफ्रिकेतील शिकारीच्या वर्णनाने प्रभावित होऊन त्यांनी आपल्या स्प्रिंगफील्ड रायफलीला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवला. तो पाहून इतरांची मागणी येऊ लागली आणि हौशीचा जोडधंदा झाला. लाकूडकाम उत्तम असले तरी धातुकामाला जोडीदार हवा होता. तो फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड शस्त्रागारातील जेम्स हॉव यांच्या रूपाने मिळाला आणि १९२३ मध्ये ‘ग्रिफिन अँड हॉव’ ही पेढी उभी राहिली. हॉव लवकरच बाहेर पडले, पण पेढीचे नाव टिकले. आपल्याला कोणते काम येत नाही हे ओळखण्यातून धंदा कसा उभा राहतो, याचे हे उदाहरण आहे.

परवाना

ग्रिफिन यांच्या काळात आजच्यासारखी केंद्रीय परवानापद्धती नव्हती. तिचा पाया १९६८च्या गन कंट्रोल ॲक्टने घातला. स्वतःच्या वापरासाठी रायफल बनवण्यास केंद्रीय परवाना लागत नाही. विक्रीचा व्यवसाय म्हणून ती बनवायची तर तो घ्यावाच लागतो. अल्कोहोल, तंबाखू, शस्त्रे व स्फोटके यांचे नियमन करणारी एटीएफ ही संस्था तो देते. गिऱ्हाइकाच्या मालकीच्या रायफलीची दुरुस्ती करणाऱ्यास ०१ क्रमांकाचा परवाना पुरतो. ॲक्शन विकत आणून, रायफल उभारून ती विकणाऱ्यास ०७ क्रमांकाचा उत्पादक परवाना लागतो. त्यात दुरुस्ती आणि विक्रीचीही मुभा असते. पहिल्याचे शुल्क तीन वर्षांना २०० डॉलर आणि नूतनीकरणाला ९० डॉलर, तर दुसऱ्याचे दर तीन वर्षांना १५० डॉलर आहे.

शुल्क थोडे असले तरी अटी कडक आहेत. अर्जदाराचे वय किमान २१ असावे लागते, बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि अधिकारी मुलाखतीसाठी जागेवर येतो. घरातून धंदा करता येतो, पण नगरपालिकेच्या भू-वापर नियमांत तो बसला पाहिजे. म्हणून यंत्रसामग्री घेण्यापूर्वी स्थानिक कार्यालयात चौकशी करणे शहाणपणाचे ठरते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे नियम याखेरीज लागू होतात.

नोंदवही आणि अनुक्रमांक

कायद्याच्या दृष्टीने रिसीव्हर, म्हणजे ॲक्शनचे मुख्य घर, हेच शस्त्र असते. सुटी नळी किंवा दस्ता शस्त्र नव्हे. नव्याने बनवलेल्या शस्त्रावरील अनुक्रमांक किमान ०.००३ इंच खोल आणि त्याची अक्षरे किमान १/१६ इंच उंचीची असावी लागतात. आलेल्या आणि गेलेल्या प्रत्येक शस्त्राची नोंद वहीत ठरलेल्या मुदतीत करावी लागते. खरेदीदाराकडून ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरून घेऊन त्याची पार्श्वभूमी तपासावी लागते. दुरुस्तीची रायफल मूळ मालकाला परत देताना हा अर्ज लागत नाही. दुसऱ्या राज्यातील गिऱ्हाइकाला नवी रायफल पाठवायची तर ती तेथील परवानाधारकामार्फतच द्यावी लागते.

वर्षभरातील उत्पादनाचे विवरण १ एप्रिलपर्यंत सादर करायचे असते. धंदा कायमचा बंद केल्यास वह्या ३० दिवसांत एटीएफच्या वेस्ट व्हर्जिनियातील केंद्राकडे जातात. एखाद्या गुन्ह्यात सापडलेल्या शस्त्राचा माग काढताना याच वह्या उपयोगी पडतात. म्हणूनच लहान गाळ्यातील एक चुकलेली नोंदही किरकोळ मानली जात नाही.

पन्नासाव्या रायफलीचा हिशेब

रायफलींवर ११ टक्के केंद्रीय अबकारी कर आहे आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार त्याचे उत्पन्न वन्यजीव संवर्धनाला जाते. कॅलेंडर वर्षात ५० पेक्षा कमी शस्त्रे बनवणाऱ्या उत्पादकाला यातून सूट आहे. मात्र संख्या ५० झाली की कर केवळ पन्नासाव्या रायफलीवर नव्हे, तर त्या वर्षातील सर्वांवर लागू होतो. प्रत्येकी ३,००० डॉलर विक्रीमूल्य धरले, तर ५० रायफलींवर ढोबळमानाने १६,५०० डॉलर देणे होते. ऑक्टोबरपर्यंत चाळिशी गाठलेल्या कारागिराला नव्या मागण्या पुढील वर्षावर ढकलायच्या की कर भरून वाढायचे, हे ठरवावे लागते.

पूर्वी निर्यात न करणाऱ्या छोट्या उत्पादकालाही परराष्ट्र खात्याकडे दरवर्षी २,२५० डॉलर भरून नोंदणी करावी लागे. मार्च २०२० मधील बदलानंतर बहुतेक साध्या रायफलींच्या उत्पादकांवरचा हा भार उतरला.

दायित्व

विकलेल्या शस्त्राचा तिऱ्हाइताने गुन्ह्यात वापर केल्यास २००५च्या कायद्याने उत्पादकाला दाव्यांपासून बरेच संरक्षण दिले आहे. सदोष घडणीमुळे झालेल्या इजेला मात्र हे संरक्षण नाही. एका चुकलेल्या चेंबरपायी घरदार पणाला लागू शकते. म्हणून विमा आणि व्यक्तिगत मालमत्तेपासून वेगळी ठेवलेली कंपनी यांचा खर्च पहिल्या रायफलीच्या किमतीतच धरावा लागतो. लेथवरचे तास तेवढे मोजून कागदपत्रांचे तास न मोजणाऱ्याचा भाव हमखास कमी लागतो.

भारतातील स्थिती

हे सर्व अमेरिकी कायद्यापुरते आहे. भारतात १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार बंदुकीचे उत्पादन, विक्री आणि व्यावसायिक दुरुस्ती यांना परवाना अनिवार्य आहे. स्वतःच्या हौसेसाठी घरी बंदूक बनवण्याची मोकळीकही येथे नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना उत्पादनाला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. परदेशी चित्रफिती पाहून गोवा, बेळगाव किंवा इंदूरमधील एखाद्या हुशार यांत्रिकाला हे काम आपल्यालाही जमेल असे वाटले, तर त्याने लेथ सुरू करण्याआधी हे कलम वाचावे.