फुटबॉलच्या स्टँडमधून कामगार खरंच बाहेर गेला का?

इंग्लिश फुटबॉलची एक गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेलीय, की ती तपासून बघावी असं कुणाला वाटतच नाही. पूर्वी सामन्याला कामगार यायचे, उभे राहायचे, गायचे, ओरडायचे. मग १९९२ मध्ये प्रीमियर लीग आली, तिकिटं महागली, मध्यमवर्ग येऊन खुर्च्यांवर बसला आणि मैदान गप्प झालं.

या गोष्टीत तथ्य बरंच आहे. पण संशोधक म्हणून नीट ऐकलंत तर तिच्यात तीन वेगळे दावे सापडतात : तिकीट महागलं, माणसं बदलली, वातावरण बदललं. पहिल्यावरून दुसरा आणि दुसऱ्यावरून तिसरा आपोआप सिद्ध होतो असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. म्हणून हे तीन धागे सुटे करून बघू.

‘कामगारांचा खेळ’ म्हणजे नेमका कुणाचा?

फुटबॉलचे नियम बांधले ते मोठ्या घरच्या मुलांनी. १८८३ मध्ये एफए कपच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिंपिक या गिरणीगावच्या संघाने ओल्ड इटोनियन्सना हरवलं, तेव्हा खेळ कुणाच्या हातात चाललाय ते सगळ्यांना दिसलं. कारखाना-कायद्यांमुळे शनिवारी दुपारी सुट्टी मिळू लागली होती, त्यामुळे प्रेक्षकही तयार होता.

आता गंमत बघा. १८९० मध्ये फुटबॉल लीगने प्रौढ पुरुषासाठी किमान प्रवेशदर सहा पेन्स ठरवला. रोजंदारीवर जगणाऱ्याला दर शनिवारी एवढे पैसे काढणं सोपं नव्हतं. म्हणजे सर्वांत गरीब माणूस सुरुवातीपासूनच थोडाफार दाराबाहेर होता.

मग आत कोण होतं? त्या काळी प्रेक्षकांची पाहणी कुणी करत नव्हतं. टोनी मेसन या इतिहासकाराने एक वेगळाच मार्ग शोधला. ५ एप्रिल १९०२ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड-इंग्लंड सामना चालू असताना लाकडी स्टँड कोसळला आणि २५ जण मेले. मेसनने मृत आणि जखमींच्या नोंदींमधले व्यवसाय तपासले. त्यात कामगार बहुसंख्य होते, पण विशेष भरणा होता तो कुशल कारागिरांचा. ‘कामगारवर्ग’ या एका शब्दाखाली किती पायऱ्या दडलेल्या असतात, ते इथे कळतं.

टेरेसवरचं जग

फुटबॉलमधली टेरेस म्हणजे आपली गच्ची नव्हे. गोलपोस्टच्या मागे किंवा मैदानाच्या कडेला उभं राहून सामना बघायच्या त्या रुंद पायऱ्या. लिव्हरपूलच्या ॲनफिल्डवरची ‘कॉप’ सर्वांत प्रसिद्ध. बोअर युद्धातल्या स्पियॉन कॉप टेकडीवरून हे नाव पडलं. (याच लढाईत गांधीजींचं भारतीय रुग्णसेवा पथक जखमींना वाहून नेत होतं.) भर काळात या एका स्टँडमध्ये पंचवीस हजारांहून अधिक लोक उभे राहत.

टेरेसचं वातावरण समजून घ्यायचं तर आधी तिथे जायची पद्धत समजून घ्या. बहुतेक सामन्यांना आगाऊ तिकीट लागत नसे. पोराने शनिवारी दुपारी ठरवायचं, फाटकावर पैसे द्यायचे आणि आत जाऊन मित्रांच्या घोळक्यात शिरायचं. जागा ठरलेली नाही, त्यामुळे गाणारे आपोआप गाणाऱ्यांजवळ जमायचे. तो आवाज अंगातल्या कामगार-रक्तातून येत नव्हता, या मांडणीतून येत होता. तिथे धक्काबुक्की होती, मारामाऱ्या होत्या, वर्णद्वेषी घोषणाही होत्या. आज आठवणी सांगताना हा भाग हळूच गाळला जातो.

लेबलाची किंमत

१९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना एकूण ४ कोटी १२ लाख प्रेक्षक आले होते. १९८५-८६ मध्ये हा आकडा १ कोटी ६५ लाखांवर आला. मे १९८५ मध्ये ब्रॅडफर्डच्या आगीत ५६ आणि त्याच महिन्यात ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानावर ३९ जण गेले. हायझेलला लिव्हरपूलच्या समर्थकांनी केलेला हल्ला कारणीभूत होता. ब्रॅडफर्डला मात्र जुनाट लाकडी स्टँडखाली साचलेला कचरा पेटला होता. तरी दोन्ही घटना एकाच चष्म्यातून पाहिल्या गेल्या. ब्रॅडफर्डनंतर ‘संडे टाइम्स’च्या अग्रलेखाने तर हा खेळ, त्याची मैदानं आणि प्रेक्षक या सगळ्यांनाच झोपडपट्टीच्या पंक्तीला बसवलं.

हे लेबल कागदावर राहिलं नाही. प्रेक्षक म्हणजे संभाव्य गुन्हेगार, या समजुतीतून टेरेसभोवती लोखंडी जाळ्या उभ्या राहिल्या होत्या. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल-नॉटिंगहॅम फॉरेस्ट सामन्याआधी बाहेर गर्दी तुंबली. पोलिसांनी बाहेर पडायचं एक फाटक उघडलं, पण आधीच भरलेल्या मधल्या कोंडाळ्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाही. समोर जाळी, मागून लोंढा. त्या चेंगराचेंगरीचे अखेर ९७ बळी ठरले. दारुड्या समर्थकांनीच हे घडवलं, असं लगेच सांगितलं गेलं आणि लोकांना ते पटलंही, कारण लेबल आधीच तयार होतं. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने दाखवून दिलं, की पोलिसांचे १६४ जबाब बदलले गेले होते. समर्थकांचा यात दोष नव्हता, हे ज्युरीने २०१६ मध्ये स्पष्ट केलं. सत्तावीस वर्षं लागली.

खुर्च्या आल्या, पण स्वस्त खुर्च्या?

न्यायमूर्ती टेलर यांच्या जानेवारी १९९० च्या अंतिम अहवालानंतर वरच्या दोन विभागांतली मैदानं पूर्णपणे आसनी करायचं ठरलं. पण त्याच अहवालात टेलरनी आयब्रॉक्सचं उदाहरण दिलं होतं : बसून सामना बघायला ६ पौंड, उभं राहून ४ पौंड. उभं राहणाऱ्यांच्या खिशाला परवडेल अशी खुर्ची देता येईल, हे त्यांचं म्हणणं. म्हणजे महागाई खुर्चीतून आपोआप आली नाही. तो क्लबांचा वेगळा निर्णय होता. १९९१ च्या आपल्या आराखड्यात फुटबॉल असोसिएशनने संपन्न मध्यमवर्गीय ग्राहकाकडे वळायची भाषा केली. पुढच्या वर्षी प्रीमियर लीग आली आणि तिच्यासोबत टीव्हीचा पैसा. ३० एप्रिल १९९४ रोजी कॉप शेवटचा उभा राहिला. नव्या आसनी कॉपमध्ये साधारण बारा हजार माणसं मावू लागली. भर काळाच्या तुलनेत निम्म्याहून जास्त जागा गेल्या होत्या.

पहिला दावा, म्हणजे दरवाढ, इथे पक्का होतो. तिसराही बराचसा पक्का होतो. आगाऊ बुकिंग, ठरलेला नंबर, विखुरलेले मित्र, उभं राहिलं की येणारा सुरक्षारक्षक. प्रेक्षक अगदी तेच ठेवले असते तरी एवढ्याने आवाज बसलाच असता.

मधला दावा मात्र अडतो

अँथनी किंग यांनी ‘द एंड ऑफ द टेरेसेस’ (१९९८) मध्ये वर्गबदलाची मांडणी जोरकसपणे केली. २००० मध्ये माल्कम, जोन्स आणि वॉडिंग्टन यांनी उपलब्ध पाहण्या एकत्र तपासल्या. प्रेक्षकांची वर्गरचना मोठ्या प्रमाणात बदलल्याचा पुरावा फारसा सापडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मग खरं कोणाचं? त्याआधी पुरावा काय बोलू शकतो ते विचारा. सीझन-तिकीटधारकांच्या यादीवरून केलेल्या पाहणीत, जो परवडत नाही म्हणून यायचा थांबला तो सापडणारच नाही. दुसरं, त्याच काळात खाणी आणि गोद्या बंद पडत होत्या. खाणकामगाराची मुलगी ऑफिसात लागली आणि तिकीट काढून सामन्याला आली, तर ‘मध्यमवर्ग आला’ म्हणायचं की ‘तेच घर पुन्हा आलं’? तिसरं, २००० मध्ये मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार रॉय कीन कोळंबीचं सँडविच खाणाऱ्या प्रेक्षकांवर चिडला. ते वाक्य अजून वापरलं जातं. पण त्यातून पाहुण्यांच्या महागड्या कक्षांबद्दल त्याला काय वाटत होतं ते कळतं, साठ-सत्तर हजारांचा व्यवसाय कळत नाही.

माझं मत असं : वर्गापेक्षा जास्त ठामपणे बोलता येतं ते वय आणि सवयीबद्दल. दुपारी ठरवून फाटकावर पैसे देणारा सोळा वर्षांचा पोरगा या नव्या व्यवस्थेत बसत नाही, मग त्याचा बाप कोणीही असो. आणि ‘गप्प बसलेला ग्राहक’ हे चित्रही पूर्ण खरं नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये ७७ पौंडांच्या तिकिटाविरुद्ध ॲनफिल्डवर हजारो लोक ७७ व्या मिनिटाला उठून निघून गेले. काही दिवसांत क्लबने माघार घेतली. खुर्चीवरची माणसंसुद्धा एकत्र उठू शकतात.

आपल्या कामासाठी यातून एक गोष्ट घ्या. ‘झोपडपट्टीचे लोक’ हे लेबल आळशी होतं, आणि ते जीवघेणं ठरलं. ‘पूर्वीचा अस्सल कामगार प्रेक्षक’ हे लेबल प्रेमळ आहे, पण तेही तितकंच न तपासलेलं आहे. तुमच्या प्रबंधात जिथे ‘जनता’, ‘प्रेक्षक’, ‘सामान्य माणूस’ हे शब्द आलेत, तिथे पेन्सिलने गोल करा आणि बाजूला दोन प्रश्न लिहा : हे नेमके कोण, आणि मला हे कुठून कळलं?