मर्यादामुद्रा आणि मजकुराच्या खुणा

शिवकालीन राजपत्रांच्या माथ्यावर राजमुद्रा असे आणि मजकूर संपताच तळाशी मर्यादामुद्रा उमटविली जाई. पत्राची ही मर्यादा शोभते आहे, एवढाच तिच्यावरील अक्षरांचा आशय. प्रयोजन मात्र शोभेचे नव्हते. मुद्रेखाली मागाहून कोणी ओळ घुसडली, तर ती पत्रातली नव्हे हे पाहताक्षणी कळावे, हा तिचा हेतू. पेशवाईच्या कागदांत हेच कार्य मोर्तबाने केले. मजकुराविषयीची खूण मजकुरातच करावयाची, पण ती त्याच्याहून वेगळी राखावयाची, ही गरज संगणकाने निर्माण केलेली नाही.

संगणकाच्या क्षेत्रात हा विचार 1969 मध्ये आयबीएममधील गोल्डफार्ब, मोशर आणि लॉरी यांनी मांडला. त्यातून 1986 मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आणि 1998 मध्ये एक्सएमएल ही मार्कअप भाषा सिद्ध झाली. एक्सएमएलमध्ये प्रत्येक घटकाचा आरंभ व शेवट त्याच्या नावानिशी नोंदवावा लागतो. एकही शेवट राहिला तर यंत्र सबंध लेख नाकारते. मर्यादामुद्रेचेच हे तत्त्व होय, केवळ पत्राऐवजी पदोपदी लावलेले.

2001 च्या सुमारास याला कंटाळलेल्यांनी दोन वाटा काढल्या. जेसॉनने नावे टाकून कंस ठेवले. यामलने कंसही टाकून ओळीच्या डावीकडील मोकळ्या जागेवर भिस्त ठेवली. मोडीतील हिशेबी कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ही दुसरी रीत परकी वाटणार नाही. तेथेही शीर्षकाची रेघ आडवी ताणून तिच्याखाली पोटकलमे मांडीत. कोणते कलम कोणाच्या पोटात, हे जागाच सांगे.

परंतु मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नसे आणि शब्दही सलग लिहिले जात. अर्थ संदर्भावरून लागे, कारण वाचणारा कारकून जाणता होता. यामलचा वाचक यंत्र आहे. तेही तर्क करते, पण जाणतेपणाने नव्हे. आमच्या विभागातील एका यादीत प्रस्तुत लेखकाने कोल्हापूरचा दूरध्वनी संकेतांक 0231 अवतरणचिन्हांवाचून लिहिला होता. आरंभीच्या शून्यामुळे यंत्राने ती अष्टमान पद्धतीची संख्या मानली आणि 153 असा आकडा परत दिला. कोठेही चूक दर्शविली गेली नाही, हेच त्यातले भय. नॉर्वे देशाची एनओ ही दोन अक्षरेसुद्धा याच न्यायाने 'नाही' अशी वाचली जात. 2009 च्या 1.2 या आवृत्तीत हे नियम बदलले. तथापि जुन्या नियमांनी चालणाऱ्या प्रणाली आजही वापरात आहेत. जेसॉन असा अंक सरळ नाकारतो, आणि 2013 मध्ये आलेला टॉमलही. टॉमलमध्ये मात्र देवनागरी नाव अवतरणचिन्हांत घातल्यावाचून चालत नाही. एक्सएमएलला तशी अडचण नाही.

एखाद्या प्रणालीच्या कॉन्फिगरेशनसाठी, म्हणजे तिने कसे चालावे याच्या चार नोंदींसाठी, एक्सएमएल योजणे म्हणजे चिठ्ठीला राजमुद्रा लावणे होय. तेथे यामल वा टॉमल पुरे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातील मोडी कागदांसारख्या मजकुराच्या लिप्यंतरांची गोष्ट निराळी. तेथे वाक्याच्या मध्येच कागद फाटलेला असतो, अर्धा शब्द अंदाजाने वाचलेला असतो, समासात दुसऱ्या हाताचा शेरा असतो. जेसॉनमध्ये हे नोंदवावयाचे तर वाक्याचेच तुकडे करावे लागतात, आणि संपादकाच्या टिपेला तर त्यात जागाच नाही. एक्सएमएलमध्ये वाक्य अखंड राहते आणि खुणा त्याच्या आत बसतात. म्हणूनच 1987 मध्ये आरंभलेल्या टीईआय या ग्रंथसंपादनाच्या उपक्रमाने पुढे एक्सएमएलचाच अंगीकार केला. फाटलेल्या, अस्पष्ट व संपादकाने पुरविलेल्या मजकुरासाठी त्यात स्वतंत्र खुणा आहेत. मोर्तबासाठी मात्र शिक्क्याच्या सर्वसाधारण खुणेवर भागवावे लागते. तिच्या प्रकाराच्या जागी 'मोर्तब' हा शब्द देवनागरीत लिहिण्यास नियमांची आडकाठी नाही.