शहापूर, मुरबाड आणि तिकीट : उमेदवार निवडतं कोण?

आजचा विषय ठरवला तेव्हा आम्हाला एक-दोघांनी विचारलं, ‘निवडणुकीचे निकाल हा इतिहासाचा विषय कसा काय? तो तर वर्तमानपत्राचा विषय.’ प्रश्न रास्त आहे. पण निकालाचा तक्ता हा सुद्धा दस्तऐवजच असतो. जुन्या महसुली कागदासारखा तो वाचावा लागतो. त्यात काय लिहिलं आहे ते बघायचं, आणि काय लिहिलेलं नाही तेही बघायचं. आज आपण ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातले दोन मतदारसंघ घेऊ, शहापूर आणि मुरबाड. दोन्ही भिवंडी लोकसभा मतदारसंघात येतात. शहापूर अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे, मुरबाड खुला.

शहापूरपासून सुरुवात करू. २३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेची मतमोजणी झाली. राष्ट्रवादी काँग्रेसचे, म्हणजे अजित पवार गटाचे दौलत दरोडा यांना ७३,०८१ मतं पडली. शरद पवार गटाचे पांडुरंग बरोरा यांना ७१,४०९. फरक १,६७२ मतांचा. म्हणजे ८३७ मतदारांनी बाजू बदलली असती, तर आमदार बदलला असता. इतकी चुरस झाली म्हटल्यावर आपण म्हणतो, ‘बघा, जनतेने ठरवलं.’ ते खरंच आहे. पण लाखाहून जास्त मतदारांपुढे हीच दोन नावं ठेवायची, हे कोणी ठरवलं? त्याची मोजणी कुठे झाली? त्याचा तक्ता कुठल्याच कार्यालयात मिळत नाही.

अमेरिकेत हा तक्ता मिळतो. तिथे पक्षाचा उमेदवार कोण, यासाठी आधी वेगळं मतदान होतं, त्याला प्रायमरी म्हणतात. हे काही तिथे पहिल्यापासून नव्हतं. एकोणिसाव्या शतकात तिथेही पक्षाचे पुढारी बंद खोलीत बसून नावं ठरवत. विस्कॉन्सिन राज्यात रॉबर्ट ला फॉलेट नावाचे गव्हर्नर या पुढाऱ्यांशी भांडले. १९०३ मध्ये कायदा झाला, १९०४ मध्ये लोकांनी मतदान करून त्याला मान्यता दिली, आणि राज्यभर थेट प्रायमरी सुरू झाली. पण म्हणून प्रश्न मिटला का? १९१२ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी रिपब्लिकन पक्षाच्या बहुतेक प्रायमरी जिंकल्या, तरी पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारी मिळाली टाफ्ट यांना. लोकांनी एक सांगितलं, पक्षाने दुसरं केलं.

आपल्या कामाची गोष्ट मात्र टेक्सासची आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे डेमोक्रॅटिक पक्ष एकतर्फी जिंकायचा. सार्वत्रिक निवडणूक नावापुरती. खरी लढत पक्षाच्या प्रायमरीत. आणि त्या प्रायमरीत काळ्या नागरिकांना मत देऊ देत नसत. कारण काय सांगत? पक्ष ही खासगी संस्था आहे, तिने कुणाला सभासद करावं हा तिचा प्रश्न. १९३५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही हे म्हणणं मान्य केलं होतं. पुढे ह्यूस्टनचे एक दंतवैद्य, लॉनी स्मिथ, न्यायालयात गेले आणि १९४४ मध्ये न्यायालयाने आपलाच निर्णय फिरवला. उमेदवार निवडणं हा निवडणुकीचाच भाग आहे, तिथे वंशावरून दार लावता येणार नाही, असं ठरलं. यातून एक साधा नियम हाती लागतो. जिथे शेवटची निवडणूक एकतर्फी असते, तिथे ज्याच्या हातात उमेदवारी, त्याच्याच हातात निवडणूक. हा नियम लक्षात ठेवा, मुरबाडला तो लागणार आहे.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे उमेदवारीचा कायदेशीर पुरावा म्हणजे एबी फॉर्म. १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशात त्याचं मूळ आहे. पक्षाच्या अधिकृत माणसाची सही असलेला तो कागद अर्ज भरायच्या मुदतीत निवडणूक अधिकाऱ्याकडे पोचला, की चिन्ह तुमचं. तो कागद कुणाला द्यायचा, कसा ठरवायचा, यावर कायदा गप्प आहे. पक्षांच्या नोंदणीचं कलम १९८९ पासून लागू झालं. त्यात राज्यघटनेशी निष्ठा हवी असं लिहिलं आहे, पण उमेदवार सभासदांच्या मताने निवडा असं कुठे नाही. इच्छुकांच्या मुलाखती होतात, मुंबईला गाड्या भरून माणसं जातात, शक्तिप्रदर्शन होतं. पण कोणाला किती गुण मिळाले, कोण का गळलं, हे कधी जाहीर होत नाही. शिवाय त्याआधी आणखी एक चाळणी असते, जागावाटपाची. जागा मित्रपक्षाला गेली की तुमच्या पक्षातल्या माणसाची लायकी असो वा नसो, विषय संपला.

गंमत अशी की गावात हे जास्त उघड असतं. ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत. पॅनेल कोणाचं, त्यात कुठल्या पाड्याचा माणूस, कुठल्या आळीची बाई, हे देवळात नाहीतर चावडीवर बसून ठरतं. तिथेही दांडगाई चालते, नाही असं नाही. पण कोण हो म्हणालं आणि कोण उठून गेलं, हे गावाला माहीत असतं. जसजसं पद मोठं होत जातं, तसतशी ही बैठक लोकांच्या नजरेपासून लांब जाते. आमदारकीला ती तालुक्याबाहेरच जाते.

तुम्ही म्हणाल, महाराष्ट्रात प्रायमरी झालीच नाही का? झाली. २०१४ च्या लोकसभेला राहुल गांधींच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत हा प्रयोग केला. आपल्याकडे लातूर आणि वर्धा. मतदार होते पक्षाचे पदाधिकारी आणि कार्यकर्ते, सर्वसामान्य माणूस नव्हे. लातूरला दत्तात्रय बनसोडे निवडून आले, वर्ध्याला सागर मेघे. सागर मेघे हे तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे चिरंजीव. म्हणजे मतदान घेतलं म्हणून घराणं मागे हटतं असं नाही. पुढे दोघेही लोकसभेला हरले. गुजरातेत वडोदऱ्याला नरेंद्र रावत प्रायमरी जिंकले होते. भाजपकडून तिथे नरेंद्र मोदी उभे राहिल्यावर रावत बाजूला झाले आणि काँग्रेसने मधुसूदन मिस्त्री यांना उतरवलं. मोजलेला निकालसुद्धा शेवटी वरच्यांच्या सोयीचा. एवढं होऊनही आम्हाला त्या प्रयोगाची किंमत वाटते. निदान आज आपण सांगू शकतो की कोण कोणाविरुद्ध होतं आणि कोण जिंकलं.

आता परत शहापूरला. तीन निवडणुका शेजारी शेजारी ठेवू. २००९ ला शिवसेनेकडून दौलत दरोडा जिंकले होते. २०१४ ला राष्ट्रवादीचे पांडुरंग बरोरा यांना ५६,८१३ मतं आणि शिवसेनेचे दरोडा यांना ५१,२६९. बरोरा ५,५४४ मतांनी जिंकले. २०१९ च्या जुलैत बरोरा शिवसेनेत गेले. मग दरोडा राष्ट्रवादीत आले. दोघांनी जागा बदलल्या! त्या वर्षी दरोडा यांना ७६,०५३ आणि बरोरा यांना ६०,९४९. २०२३ ला राष्ट्रवादी फुटली आणि २०२४ ला दोघे त्याच पक्षाच्या दोन गटांकडून समोरासमोर आले. तो आकडा सुरुवातीला सांगितलाच.

हा तक्ता दोन प्रकारे वाचता येतो. एक वाचन असं : २०१४, २०१९, २०२४, तिन्ही वेळा शहापुरात घड्याळ जिंकलं. माणूस बदलला तरी चिन्ह तेच. मग लोक चिन्हाला मत देतात. दुसरं वाचन : बरोरा यांनी पक्ष बदलला, तरी त्यांची मतं ५६ हजारांवरून ६० हजारांवर गेली, घटली नाहीत. पुन्हा चिन्ह बदललं, तेव्हा ७१ हजार झाली. मग लोक माणसाला मत देतात. खरं कोणतं?

आमच्या मते नुसत्या बेरजेवरून फैसला करायला गेलो तर चूक होईल. २०१४ ला युती आणि आघाडी दोन्ही तुटल्या होत्या. चार मोठे पक्ष वेगवेगळे लढले, त्यामुळे मतं विखुरली. २०१९ ला दोन्ही बाजूंना मित्रपक्षांची मतं मिळाली. मतपत्रिका गुप्त असते, त्यामुळे २०१४ चे ५६ हजार आणि २०१९ चे ६० हजार हे तेच लोक होते असं म्हणायला आधार नाही. पण चिन्हाची ताकद थोडी नसते, याचा पुरावा २०२४ मध्ये शहापुरातच आहे. शरद पवार गटाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. त्याच्याशी मिळतंजुळतं पिपाणीचं चिन्ह एका दुसऱ्या उमेदवाराला मिळालं होतं. पिपाणीला पडलेली मतं १,६७२ च्या फरकापेक्षा जास्त भरली. ती सगळी चुकून पडली असं कुणी सिद्ध करू शकत नाही. पण इतक्या काठावरच्या निकालात चित्राची चूकही आमदार ठरवू शकते, हे नाकारता येत नाही.

एवढं नक्की म्हणता येईल की शहापूरच्या मतदाराने तिन्ही वेळा, पक्षांनी आत न केलेलं काम बाहेर केलं. या दोघांपैकी कोण, हा सवाल पक्षाने सभासदांना विचारला नाही, तो सार्वत्रिक निवडणुकीत सगळ्या तालुक्याला सोडवावा लागला. एका अर्थी तीच त्यांची प्रायमरी. फक्त तिच्यात तिसरं नाव मोठ्या पक्षाच्या चिन्हावर येणं अवघड. बरोरा यांचे वडील महादू बरोरा हेही आमदार होते. राखीव जागेमुळे आदिवासी समाजाचा प्रतिनिधी जाईल याची हमी मिळते, आणि ती मोलाची आहे. पण समाजातला कोण, ही निवड एबी फॉर्मवर सही करणाऱ्याकडेच राहते. दुर्गम पाड्यावरची शिकलेली मुलगी, आश्रमशाळेतून बाहेर पडलेला कार्यकर्ता, यांचं नाव तिथवर पोचतच नाही.

मुरबाडचं चित्र वेगळं. किसन कथोरे २००९ ला राष्ट्रवादीकडून आमदार झाले, २०१४ पासून भाजपकडून. २०१४ चं मताधिक्य २६,२३० होतं. २०१९ ला त्यांना १,७४,०६८ मतं आणि दुसऱ्या क्रमांकाच्या प्रमोद हिंदुराव यांना ३८,०२८. फरक १,३६,०४०! आता टेक्सासचा नियम आठवा. जिथे फरक लाखाच्या वर जातो, तिथे मतदानाच्या दिवशी फारसं काही ठरत नाही. ठरतं ते तिकिटाच्या दिवशी. २०१९ ला मुरबाडच्या माणसाचा खरा प्रश्न ‘कोण जिंकेल’ हा नव्हताच, ‘भाजपचं तिकीट कोणाला’ हा होता. आणि तो त्याला कोणी विचारला नाही.

२०२४ ला फरक ५२,३९२ वर आला. कथोरे यांना १,७५,५०९ आणि शरद पवार गटाचे सुभाष पवार यांना १,२३,११७. बघा, कथोरे यांची मतं घटली नाहीत, हजार-दीड हजाराने वाढलीच. बदललं ते समोरचं. सुभाष पवार निवडणुकीच्या तोंडावर शिंदे यांच्या शिवसेनेतून तिकडे गेले. महायुतीत जागा भाजपकडे असल्यावर त्यांना त्या बाजूने दार नव्हतंच. ज्याला बंडखोरी किंवा पक्षांतर म्हणून आपण नाक मुरडतो, त्यातलं बरंचसं हे असं बंद दारामुळे होतं. आत मत मोजायची सोय नाही, म्हणून माणूस बाहेर जाऊन स्वतःची मतं मोजून दाखवतो.

याचं आपल्या रोजच्या जगण्याशी काय नातं? भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत. मुंबई त्या पाण्यावर जगते. आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. मुरबाडकर कित्येक वर्षं रेल्वेची मागणी करत आले. हे प्रश्न सगळ्या उमेदवारांच्या तोंडी असतात, कारण मत मागायला आपल्या दारात यावं लागतं. पण उमेदवारी मागायला त्यांना पाड्यावर यावं लागत नाही, मुंबईला जावं लागतं. ज्याच्याकडे मागावं लागतं, त्याला जबाब द्यावा लागतो, हा व्यवहार आहे.

यावर उपाय म्हणून उद्या प्रायमरी आणा, असं आम्ही म्हणणार नाही. सभासद नोंदणीचे गठ्ठे विकत घेतले जातील ही भीती खरी आहे. पण एक मागणी छोटी आणि रास्त आहे. प्रत्येक पक्षाने प्रत्येक मतदारसंघात इच्छुक कोण कोण होते, निर्णय कोणी घेतला आणि निवडलेल्याचं नाव कशामुळे पुढे गेलं, हे लिहून जाहीर करावं. एक पानाचा कागद. पुढच्या वेळी तुमच्या तालुक्यात सभा लागली की हे विचारा. शहापूरचा १,६७२ हा आकडा सरकारने शेवटच्या मतापर्यंत मोजून दिला. त्याच्या आधीचा हिशेब मागायचा अधिकार कायद्याने अजून दिलेला नाही. पण विचारायला कोणाची मनाई नाही.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.