दिनविशेष : २७ ऑगस्ट – भयकथाकार नारायण धारप

मराठीत भयकथेला हक्काचा वाचक मिळवून देणारे नारायण धारप यांचा आज जन्मदिन (१९२५). शंभरावर पुस्तके लिहिणाऱ्या धारपांनी मांत्रिक-चेटकिणींच्या देशी गोष्टींना लव्हक्राफ्ट, स्टीफन किंग यांच्या विलायती भयाची जोड दिली. ‘लुचाई’ ही कादंबरी किंग यांच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली. अघोरी शक्तींशी झुंजणारा ‘समर्थ’ हा त्यांचा नायक तर घरोघरी पोचला. १८ ऑगस्ट २००८ रोजी धारप गेले. वाचक मात्र टिकून राहिला.

त्याचा पुरावा विदर्भातच सापडतो. १९९३मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना धारपांची गोष्ट ऐकवली. ती डोक्यात घेऊन त्यांनी ‘तुंबाड’ हा सिनेमा रचला. साखळदंडाने जखडलेली, ‘हस्तर’ या शापित देवाचे नाव काढताच निजणारी त्यातली आजी धारपांच्याच कथेवरून सुचलेली. २०१८च्या पहिल्या प्रदर्शनात जेमतेम चाललेल्या या सिनेमाने सप्टेंबर २०२४च्या पुनर्प्रदर्शनात आधीपेक्षा जास्त गल्ला जमवला. २०१८मध्येच धारपांच्या ‘ग्रहण’ कादंबरीवर झी मराठीने मालिकाही केली.

साकेत प्रकाशनाने नव्या आवृत्त्या काढल्याने धारप आता जुन्या बाजारात धुंडाळावे लागत नाहीत. अमरावती-अकोल्याच्या ज्या तरुणांची ओळख ‘तुंबाड’पाशीच थांबली आहे, त्यांनी सुरुवात ‘लुचाई’पासून करावी. शक्यतो दिवसाउजेडी!