जेऊर येथील सूर्यग्रहण-वेध (१८९८)

सोलापूर जिल्ह्यातील जेऊर (ता. करमाळा) येथे २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे घेतलेले वेध. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगमवाला व अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल यांची पथके येथे होती. खग्रास स्थिती सुमारे दोन मिनिटेच टिकली. तेवढ्यात मिळालेल्या वर्णपटांवरून कॅम्बेल यांनी किरीटातील हिरव्या रेषेची तरंगलांबी सुमारे ५३०.३ नॅनोमीटर ठरविली. पूर्वीचे मूल्य चुकीचे निघाले. या रेषेसाठी ‘कोरोनियम’ हे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले होते. ती तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची असल्याचे बेंग्ट एडलेन यांनी १९४० नंतर दाखविले. म्हणजेच किरीटाचे तापमान दहा लाख अंशांहून अधिक ठरले. ही उष्णता व सौर उद्रेक यांचे मूळ चुंबकीय क्षेत्रांत मानतात. तापण्याची नेमकी प्रक्रिया अद्याप अनिर्णीत आहे. २०२३ मध्ये सोडलेल्या आदित्य-एल१ यानातील किरीटदर्शक सूर्यबिंब झाकून याच रेषेचे वेध घेतो. त्यास ग्रहणाची वाट पाहावी लागत नाही.