हवाली, सुपूर्द आणि ‘हँड ओव्हर’

बँकेतला साहेब बदलून जाताना चार्ज हँड ओव्हर करतो, बिल्डर फ्लॅट हँड ओव्हर करतो आणि पोलीस आरोपीला. इंग्रजीला सगळीकडे हा एकच शब्द पुरतो. मराठीचं तसं नाही. आरोपी हवाली करायचा, दप्तर सुपूर्द करायचं, जमिनीचा ताबा द्यायचा, लेक पदरात घालायची. आमच्या घरांतून दफनाला ‘सुपुर्द-ए-खाक’ म्हणतात. ‘हवाला’ मुळात अरबी, ‘सुपूर्द’ फारसी. पण किल्ला ज्याच्या हवाली तो हवालदार, हे शिवकाळातल्या माणसाला कोश उघडून बघावं लागत नव्हतं.

आमच्या नळदुर्गाविषयी बोलताना मात्र शब्द जपून निवडावा लागतो. कंटिन्जंट फौजेचा खर्च थकला म्हणून निजामानं १८५३च्या तहानं वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख इंग्रजांकडे दिला. ठगांवर कादंबरी लिहिणारा मेडोज टेलर इथं कारभार बघायला आला. तहातला शब्द होता ‘असाइन’, म्हणजे लावून देणे. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. गहाणाची ही रीत शेतकऱ्याला वेगळी समजवायला नको.

इंग्रजीत ‘ओव्हर’, ‘अप’, ‘बॅक’ हे चिमुकले शब्द जे काम करतात, ते आपल्याकडे सोबतीचं क्रियापद करतं. ‘दिलं’ ते परत मागता येतं. ‘देऊन टाकलं’ की विषय संपला. १८५७च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूला राहिला. त्याची बक्षिशी म्हणून १८६०मध्ये नळदुर्ग आणि रायचूर परत मिळालं. वऱ्हाड मिळालं नाही. १९०२मध्ये कर्झननं ते वर्षाला २५ लाखांवर कायमच्या पट्ट्यानं घेतलं. दिलेलं होतं, ते देऊन टाकलेलं झालं.

बोरीकाठच्या रयतेनं सात वर्षांत दोनदा सरकार बदललेलं पाहिलं. तिला कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कसं? हँड ओव्हर होते ती वस्तू असते.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय सैन्य सोलापूरकडून आलं. नळदुर्गाला लढाई झाली आणि बोरीवरचा पूल शाबूत हाती लागला. इथं कुणी काही सोपवलं नव्हतं. हे सरळ घेणं होतं. सोपवणं झालं १८ तारखेला, निजामाचे सेनापती अल इद्रूस जनरल चौधरींना शरण आले तेव्हा.

आमच्याकडचे म्हातारे यातला कुठलाच शब्द वापरत नसत. जन्माचं साल विचारलं, तर ‘पोलीस ॲक्शनच्या आधीचा’ एवढंच सांगत.